आसरा देणाऱ्याचा गुन्हा

जुलै १९९८ मधली गोष्ट. मुंबईत जरीकाम करणाऱ्या, बंगाली बोलणाऱ्या तिसांहून अधिक माणसांना पोलिसांनी पकडलं आणि बंदोबस्तात कुर्ला-हावडा एक्सप्रेसमध्ये बसवलं. ही माणसं बांगलादेशी आहेत, त्यांना सीमेवर नेऊन पलीकडे धाडायचं, असं ठरलेलं होतं. राज्यात तेव्हा मनोहर जोशी यांचं युतीचं सरकार होतं. गाडी भुसावळ, मलकापूर, अकोला, नागपूर या वाटेनं बंगालमध्ये पोचली आणि हावडा जिल्ह्यातल्या उलुबेरिया स्थानकात जमावानं ती अडवली. फॉरवर्ड ब्लॉकचे कार्यकर्ते पुढे होते. पोलिसांच्या ताब्यातली माणसं जमावानं सोडवून नेली.

एकाच कृत्याचे दोन अर्थ लागले. मुंबईहून पाहणाऱ्याला तो कायद्याच्या कामात घातलेला उघड अडथळा वाटला. उलुबेरियाच्या लोकांना वाटलं, आपली माणसं केवळ भाषेमुळे परदेशी ठरवली जात आहेत आणि ती वाचवणं आपलं काम आहे. ज्योती बसूंच्या सरकारनंही महाराष्ट्राकडे तीव्र निषेध नोंदवला. त्या गाडीतले नेमके किती जण परदेशी होते, हे कोणत्याही न्यायालयानं ठरवण्याआधीच हे सगळं घडून गेलं होतं.

या लेखाचा विषय घुसखोरी हा नाही. बेकायदा आलेल्या माणसाला जो खोली देतो, काम देतो, औषध देतो, कागद करून देतो, त्याच्यावर कायद्याचा हात कुठवर पडावा, हा आहे. सीमेवरच्या गावांना हा प्रश्न जुनाच आहे. आता तो मोताळ्यासारख्या गावापर्यंत आला आहे.

हजार किलोमीटर आतलं गाव

मलकापूर स्थानकावरून बुलढाण्याला निघालं की राजूर घाट चढायच्या आधी मोताळा हे तालुक्याचं गाव लागतं. तहसील कचेरी, नगरपंचायत, बोराखेडीचं पोलीस ठाणं, बाजार समिती. उशाला नळगंगेचं धरण. शिवारात कपाशी, सोयाबीन, मका. बांगलादेशची सीमा इथून हजार किलोमीटरहून लांब. सीमा सुरक्षा दलाचा जवान इथे दिसतो तो सुट्टीवर घरी आलेला.

पण बाहेरचं माणूस या भागाला नवं नाही. कपाशी फुटली की वेचणीला गावचे हात पुरत नाहीत. मग मध्य प्रदेशातून आदिवासी कुटुंबं येतात, शेताच्या बांधावर पाल ठोकून राहतात आणि हंगाम सरला की जातात. वीटभट्टीवर मुकादम आणेल तो मजूर. मूळव्याधीचा इलाज करणारा ‘बंगाली डॉक्टर’ विदर्भातल्या कितीतरी बाजारगावांच्या ओळखीचा. शिवाय विदर्भाच्याच पूर्व टोकाला, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारनं स्वतः जमिनी देऊन वसवलं आहे. चामोर्शी-मुलचेराकडच्या त्यांच्या गावांत आता तिसरी पिढी शेती करते. बंगाली बोलणारा माणूस म्हणजे परदेशी, हे समीकरण निदान विदर्भानं तरी मांडू नये.

या माणसांना खोली कोण देतं? साधा घरमालक. आगाऊ भाडं घ्यायचं, आधारची झेरॉक्स घ्यायची, बस्स. “आधार आहे ना? मग झालं,” हा आपल्याकडचा सर्वमान्य निकष. मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये तो मोडीत काढला. ठाण्यातल्या एका प्रकरणात, बांगलादेशी असल्याचा आरोप असलेल्या माणसाला जामीन नाकारताना न्यायालयानं म्हटलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असल्यानं कोणी भारताचा नागरिक ठरत नाही. नागरिकत्व ठरतं ते १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानं. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. पण मग मोताळ्यातल्या घरमालकानं नेमकं काय पाहायचं? जे ओळखायला न्यायालयाला पुरावे, साक्षी आणि वर्षं लागतात, ते त्यानं उंबऱ्यावर उभं राहून दोन मिनिटांत कसं ओळखायचं?

कायदा काय म्हणतो

१ सप्टेंबर २०२५ पासून देशात आप्रवास आणि विदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला. १९२० चा पारपत्र (भारतात प्रवेश) कायदा, १९३९ चा विदेशी नोंदणी कायदा, १९४६ चा विदेशी नागरिक कायदा आणि वाहतूकदारांच्या जबाबदारीचा २००० चा कायदा, असे चार जुने कायदे त्यानं रद्द केले. वैध पारपत्र वा व्हिसा नसताना देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खोटं पारपत्र वा व्हिसा वापरल्यास वा पुरवल्यास दोन ते सात वर्षं कैद आणि एक ते दहा लाख दंड. मुदत संपूनही राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद.

हे झालं येणाऱ्याचं. आता मदत करणाऱ्याचं. या गुन्ह्यांना जो साहाय्य करेल किंवा प्रवृत्त करेल, त्याला, गुन्हा घडला असेल तर, मूळ गुन्हेगाराइतकीच शिक्षा. २००४ च्या दुरुस्तीनं ही तरतूद जुन्या कायद्यातही आली होतीच. लॉज, धर्मशाळा, घरगुती निवास चालवणाऱ्यानं परदेशी पाहुण्याची माहिती अधिकाऱ्यांना कळवायची, हे बंधनही जुनंच. नव्या कायद्यात शिक्षणसंस्था आणि रुग्णालयंही त्या साखळीत ठळकपणे आली. शिवाय आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर संशय आहे त्याच्यावर, हे १९४६ चं तत्त्व नव्या कायद्यानंही ठेवलं.

फौजदारी कायद्यात ‘आश्रय देणे’ या कृतीची व्याख्या आहे. आधी ती भारतीय दंड संहितेत होती, आता भारतीय न्याय संहितेत आहे. निवारा, अन्न, पाणी, पैसे, कपडे, हत्यारं, दारूगोळा किंवा वाहन पुरवणं, किंवा अटक टाळायला कोणत्याही प्रकारे मदत करणं, हे सगळं तिच्यात येतं. हत्यारं आणि दारूगोळा बाजूला ठेवा आणि उरलेली यादी पुन्हा वाचा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या, खराटा आणि गाडगं घेऊन गावोगाव फिरलेल्या गाडगेबाबांची दशसूत्री ज्यांना पाठ आहे, त्यांना ही यादी ओळखीची वाटेल. भुकेल्याचं अन्न, तहानलेल्याचं पाणी, उघड्याचं वस्त्र, बेघराचा निवारा, आजाऱ्याचं औषध, बेकाराचं काम: बाबांनी हाच धर्म सांगितला. पंढरपूर, आळंदी, नाशिक, मुंबई इथल्या त्यांच्या धर्मशाळा याच धर्मावर उभ्या राहिल्या.

बाबांची यादी आणि कायद्याची यादी यांना वेगळं करणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे हेतू. आश्रय देण्याचा गुन्हा घडायला दोन गोष्टी लागतात. समोरचा गुन्हेगार आहे हे ठाऊक असणं, किंवा तसं मानायला सबळ कारण असणं. आणि त्याला शिक्षेपासून वाचवण्याचा इरादा. १९४६ च्या कायद्यातही, अटक, खटला किंवा शिक्षा यात आडकाठी आणण्याच्या इराद्यानं दिलेली मदतच साहाय्य मानली जाई. म्हणजे तापानं फणफणलेल्या पोराला गोळी देणारा डॉक्टर, बांधावरच्या बाईला भाकरी देणारी शेतकरीण गुन्हेगार नाहीत. कायद्याला माया कळते, याची आणखी एक खूण त्यातच आहे: नवऱ्यानं बायकोला किंवा बायकोनं नवऱ्याला दिलेला आश्रय या कलमाखाली गुन्हा ठरत नाही.

अडचण पुढेच आहे. हेतू ठरतो खटल्याच्या शेवटी. अटक होते सुरुवातीला. मधली वर्षं कोर्टाच्या पायऱ्या, वकिलाची फी आणि गावातली बदनामी यांत जातात. घरमालकाला भीती वाटते ती याच मधल्या वर्षांची, आणि म्हणून तो अनोळखी बोलीच्या माणसाला दारातूनच परत पाठवतो.

खरे गुन्हेगार

मदतीच्या नावाखाली चालणारा धंदा खरा आहे. त्याकडे डोळेझाक करून हा लेख लिहिला तर तो अप्रामाणिक होईल.

२०१८ मध्ये पुण्यात काही बांगलादेशी पकडले गेले. राष्ट्रीय तपास यंत्रणेनं न्यायालयात मांडलेलं प्रकरण असं: हे लोक स्वतः बेकायदा आले होते, आणि बांगलादेशात बंदी असलेल्या अन्सारुल्ला बांगला टीम या दहशतवादी संघटनेच्या माणसांना त्यांनी पुण्यात राहायला जागा, काम आणि ओळखीचे कागद मिळवून दिले. मुंबईच्या विशेष न्यायालयानं २०२३ मध्ये आरोपींना पाच वर्षांची शिक्षा दिली. आश्रय देणं हा गुन्हा का आहे, हे सांगायला एवढं एक प्रकरण पुरेसं आहे.

दुसरा धंदा माणसांचा. सीमेपलीकडच्या गरीब घरातल्या मुलींना नोकरीचं, लग्नाचं आमिष दाखवून आणायचं आणि मुंबई-पुण्याच्या कुंटणखान्यांत विकायचं. दलाल, सीमा ओलांडून देणारा, खोटा कागद करणारा, खोलीत कोंडणारा, प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला. या मुलीकडेही पारपत्र नसतं. कायद्याच्या भाषेत तीही बेकायदा आलेली. केंद्रीय गृह मंत्रालयानं १ मे २०१२ च्या सूचनेत यावर शहाणपणाची भूमिका घेतली: चौकशीत स्त्री वा बालक तस्करीचा बळी आहे असं दिसलं, तर तिच्यावर विदेशी नागरिक कायद्याखाली दोषारोपपत्र ठेवू नये, तिला निवारागृहात ठेवून मायदेशी पाठवावं. तिला आसरा देणारी संस्था आणि तिला कोंडून ठेवणारा दलाल, दोघंही तिला जागाच देतात. सूचनेनं त्या दोघांत फरक केला, तसा तो करता येतो.

तिसरा धंदा स्वस्त मजुरीचा. कागद नसलेला मजूर तक्रार करत नाही, पोलिसांत जात नाही, मजुरी थकली तरी बोलत नाही. काही ठेकेदारांना तो हवा असतो तो याचसाठी. मजुराला काम दिलं म्हणून ठेकेदार गुन्हेगार ठरत नाही. त्याच्या भीतीचा भाव केला, तर तो गुन्हेगार आहे.

तहसीलातली फाईल

२०२५ च्या जानेवारीपासून महाराष्ट्रातल्या तहसील कचेऱ्यांनी या प्रश्नाची झळ सोसली. कारण ठरलं ते जन्मदाखल्याचं.

जन्म होऊन वर्ष उलटलं आणि नोंद झाली नसेल, तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. पूर्वी हा आदेश प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी देत. २०२३ च्या दुरुस्तीनं, जी त्या वर्षी १ ऑक्टोबरला लागू झाली, हे काम जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आलं. म्हणजे कोर्टातून फाईल महसूल खात्यात आली. अर्जांची रीघ लागली. मग भाजपचे माजी खासदार किरीट सोमय्या यांनी आरोप केला की या वाटेनं बांगलादेशी आणि रोहिंग्यांना दाखले वाटले जात आहेत. मालेगावपासून सुरू झालेलं हे प्रकरण पाहता पाहता विदर्भात, अमरावती-अकोल्याकडे पोचलं. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. मालेगावचे तहसीलदार आणि नायब तहसीलदार निलंबित झाले. राज्यभर उशिराच्या नोंदी थांबवण्यात आल्या आणि १२ मार्च २०२५ ला कडक कार्यपद्धती आली. नायब तहसीलदारांना हा अधिकारच नव्हता, म्हणून त्यांनी दिलेले आदेश रद्द करण्याचा निर्णयही पुढे झाला.

अशा अर्जाच्या फाईलीत असतं काय? वर अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प लावलेला. खाली स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र. ग्रामपंचायतीचा, या नावाची नोंद रजिस्टरात आढळून येत नाही असा दाखला. शाळा सोडल्याचा दाखला, असला तर. आधार, रेशन कार्ड. दोन साक्षीदारांचे जबाब. आता या कागदांतल्या तारखा ताडून पाहा. महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून ही तारीख किती पोरांना चिकटवली, हे खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तीच माणसं आधार केंद्रावर गेली तेव्हा जन्मतारीख सांगता आली नाही म्हणून १ जानेवारी पडली. प्रतिज्ञापत्रात आईनं सांगितलेली, पोळ्याच्या आदल्या दिवशीची तारीख. तीन कागद, तीन तारखा. ही तफावत खोटेपणाची खूण असू शकते. ती आपल्या खेड्यांच्या इतिहासाचीही खूण आहे. अर्जदारांवर दाखल झालेल्या अनेक गुन्ह्यांत आरोप होता तो खोटे वा विसंगत कागद जोडल्याचा. कागद विसंगत असणं आणि माणूस परदेशी असणं, यांत फार मोठं अंतर आहे. बातमीच्या मथळ्यात ते उरलं नाही.

या फाईलीवर सही करणारा अधिकारी, सेतू केंद्रावर अर्ज भरून देणारा मुलगा, साक्षीला उभा राहिलेला शेजारी, सगळे आता मदतनीस या वर्गात मोडतात. पैसे घेऊन, डोळे मिटून खोटे दाखले काढणारा कोणी असेल तर त्याला सजा व्हायलाच हवी. पण पारध्याच्या पालावर जन्मलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईच्या जन्माची साक्ष देणारा शेजारी घाबरला, तर तिला या देशात आपण जन्मलो हे सांगायला माणूसच उरणार नाही.

पारध्यांचं नाव इथे सहज आलेलं नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही समाज जन्मानंच संशयित ठरवले. त्या कायद्यात अशी तरतूद होती की या जमातीची माणसं ज्या गावात वा ज्याच्या जमिनीवर राहतात, त्या गावच्या पाटलानं, राखणदारानं आणि त्या जमीनमालकानं त्यांच्या हालचालींची खबर द्यायची. जागा देणाऱ्याला पहारेकरी करण्याची रीत आपल्याकडे तेव्हापासूनची आहे. १९५२ मध्ये तो कायदा गेला. त्या समाजांभोवतीचा संशय अजून गेलेला नाही.

चूक झाली तर कोणाची

२०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकललं गेलं. ते भारतीय असल्याचं बंगालच्या प्रशासनानं दाखवून दिल्यावर त्यांना परत आणावं लागलं. त्याच महिन्यात दिल्लीतून उचललेल्या, बीरभूम जिल्ह्यातल्या एका गरोदर स्त्रीला कुटुंबासह बांगलादेशात धाडलं. सप्टेंबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं तिला परत आणण्याचा आदेश दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ती परतली ती डिसेंबरमध्ये.

आता विचार करा. या माणसांना ज्यानं खोली दिली होती, उधारीवर किराणा दिला होता, त्यानं घुसखोराला मदत केली की भारतीय नागरिकाला? पकडलं त्या दिवशी उत्तर एक होतं, सहा महिन्यांनी दुसरं. मदत करणाऱ्याचा गुन्हा मदत घेणाऱ्याच्या नागरिकत्वावर उभा असतो. पायाच इतका डळमळीत असताना त्यावर पाच वर्षांची कैद उभी करताना फार जपायला हवं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका खटल्यात हेच बजावलं: पुराव्याचा भार माणसावर असला, तरी नुसत्या संशयावर कोणालाही उचलून नागरिकत्व सिद्ध कर म्हणता येणार नाही, आधी सरकारकडे काहीतरी ठोस हवं.

इतरांनी काय केलं

फ्रान्स आणि इटलीच्या सीमेवरच्या रोया खोऱ्यात ऑलिव्ह पिकवणारा सेद्रिक एरू हा शेतकरी. डोंगर ओलांडून येणाऱ्या आफ्रिकी माणसांना त्यानं शेतावर जागा दिली, गाडीतून नेलं. २०१७ मध्ये अपील न्यायालयानं त्याला चार महिन्यांची स्थगित कैद सुनावली. प्रकरण फ्रान्सच्या घटना परिषदेपुढे गेलं. ६ जुलै २०१८ ला परिषदेनं निकाल दिला की बंधुता हे घटनेचं तत्त्व आहे आणि त्यातून मानवतेच्या भावनेनं दुसऱ्याला मदत करण्याचं स्वातंत्र्य निघतं, समोरच्याचा मुक्काम कायदेशीर आहे की नाही हे न पाहता. सीमा ओलांडून द्यायला केलेली मदत मात्र गुन्हाच राहिली. पुढे एरू निर्दोष सुटला. बंधुता हा शब्द आपल्या घटनेच्या उद्देशिकेतही आहे.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात पाणी आणि अन्न ठेवणाऱ्या संस्थेचा स्वयंसेवक, भूगोलाचा अध्यापक स्कॉट वॉरन, याच्यावर दोन स्थलांतरितांना आश्रय दिल्याचा खटला झाला. पहिल्या वेळी ज्यूरीचं एकमत झालं नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये तो सुटला. युरोपीय न्यायालयानं ३ जून २०२५ ला सांगितलं की स्वतःच्या ताब्यातल्या अल्पवयीन मुलींना खोट्या कागदांवर सोबत आणणाऱ्या बाईला माणसांची चोरटी वाहतूक करणारी म्हणून शिक्षा देता येणार नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या २००० च्या शिष्टाचारात स्थलांतरितांच्या चोरट्या वाहतुकीची व्याख्या आहे. त्यात आर्थिक किंवा अन्य भौतिक लाभासाठी ही अट घातलेली आहे. लाभ नाही, तर तो गुन्हा नाही. भारतानं हा शिष्टाचार २०११ मध्ये मान्य केला. ती अट आपल्या नव्या कायद्यातल्या साहाय्याच्या कलमात आली नाही.

घरचा दाखला मिझोरामचा. २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता घेतली, चिन लोक सीमा ओलांडून आले. त्यांना थोपवा, असं केंद्रानं ईशान्येच्या राज्यांना कळवलं. शेजारच्या मणिपूरनं तर अन्न-निवाऱ्याच्या छावण्या उघडू नका असा आदेश काढला आणि टीका होताच तीन दिवसांत मागे घेतला. मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना लिहिलं की हे आमचे रक्ताचे लोक आहेत, आम्हाला पाठ फिरवता येणार नाही. तिथल्या चर्चनी आणि यंग मिझो असोसिएशननं हजारोंना जेवू घातलं. कायद्याचा बडगा उगारायचा तर अर्ध्या राज्यावर उगारावा लागला असता.

वऱ्हाडची आठवण

आसऱ्याचा इतिहास वऱ्हाडालाही आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, भावाच्या तावडीतून निसटून अकबराच्या दरबारी आसऱ्याला राहिलेला बुऱ्हाण निजामशहा दक्षिणेत परतला आणि खानदेशच्या राजा अलीखानाच्या मदतीनं त्यानं लढाई जिंकली ती मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला. पळून आलेला माणूस अहमदनगरचा सुलतान झाला. १९४७-४८ मध्ये भोकरदन-जाफराबादेकडे निजामाचं राज्य होतं. रझाकारांच्या धाकानं तिकडची कुटुंबं सरहद्द ओलांडून बुलढाणा जिल्ह्यात आली. त्यांना ज्यांनी ओसरी दिली, त्यांना आज कोणी गुन्हेगार म्हणणार नाही. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून एक कोटीच्या आसपास माणसं आली तेव्हा केंद्र सरकारनं टपालावर पाच पैशांचं निर्वासित साहाय्य तिकीट सक्तीचं केलं. मोताळ्याहून निघालेल्या पाकिटावरही ते चिकटवावं लागलं. त्या काळी मदत करणं हे सरकारनं प्रत्येक नागरिकावर घातलेलं कर्तव्य होतं.

मार्च २०२५ मध्ये नव्या कायद्यावर लोकसभेत बोलताना गृहमंत्री अमित शाह म्हणाले की हा देश धर्मशाळा नाही. कोणालाही, कसंही आत येऊ देणारा देश टिकत नाही, हे मलाही मान्य आहे. दारावर पहारा हवा, पारपत्र हवं, आलेल्याची चौकशी आणि रीतसर परतपाठवणी हवी. पण दाराचा पहारा हे राज्याचं काम आहे. ते मोताळ्यातल्या घरमालकावर, डॉक्टरवर, मुख्याध्यापिकेवर ढकलायचं आणि चुकलं तर त्यांनाच आरोपी करायचं, हे न्यायाचं नाही.

मागणी काय

मागणी साधी आहे. नव्या कायद्यात एक अपवाद स्पष्ट शब्दांत लिहावा: पैशाच्या वा अन्य लाभाच्या हेतूशिवाय, लपवण्याचा इरादा नसताना, अन्न, पाणी, औषधोपचार, शिक्षण, तात्पुरता निवारा किंवा कायदेशीर सल्ला देणं हा गुन्हा नाही. नवरा-बायकोसाठी जो अपवाद शतकाहून अधिक काळ फौजदारी कायद्यात आहे, त्याच्या शेजारी हा बसायला हरकत नसावी. उलट दलाल, खोटे कागद विकणारे, माणसं कोंडणारे आणि त्यांच्या भीतीवर नफा काढणारे यांच्यावर आजच्यापेक्षा कडक हात पडावा. ज्याला मदत केली त्याचं परदेशीपण सक्षम अधिकाऱ्यानं रीतसर ठरवल्याशिवाय मदत करणाऱ्याला अटक होऊ नये.

तोवर आपल्या हातात जे आहे ते असं. खोली देताना भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता घ्या आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या, पोच घ्या. एवढं केलं की तुमचा हेतू कागदावर येतो. मजुराची मजुरी हजेरीवर लिहून द्या. डॉक्टरांनी लक्षात ठेवावं की १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, आधी जीव वाचवा, कायदेशीर सोपस्कार नंतर. शाळेनं दारात आलेल्या पोराला कागदासाठी परतवू नये. रोहिंग्या मुलांच्या प्रकरणात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलं की शिक्षणात भेदभाव होणार नाही. आणि घटनेचं एकविसावं कलम नागरिकापुरतं नाही, ते इथल्या प्रत्येक व्यक्तीच्या जगण्याचं रक्षण करतं, हे १९९६ च्या चकमा प्रकरणातच ठरलेलं आहे.

बुलढाणा जिल्ह्यातून किती पोरं कामासाठी सुरतेला, पुण्याला, मुंबईला जातात, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. तिथेही कोणीतरी त्यांना बोली ऐकून जोखतं, कागद मागतं आणि तरीही खोली देतं. त्या अनोळखी घरमालकानं भीतीपोटी दार लावून घेऊ नये असं आपल्याला वाटत असेल, तर आपल्या गावातल्या घरमालकाला निर्भय करणारा कायदा आपणच मागितला पाहिजे. येत्या निवडणुकीत मत मागायला जो दारात येईल त्याला हा प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.